उजवीकडचा भाजक

वकीलबाईंच्या ऑफिसच्या दारावर पाटी एकच होती आणि तिच्यावर ओळी दोन. वर ‘सागरी कायदा’, खाली ‘इमिग्रेशन’. ही दोन्ही कामं एकाच माणसाने का करावीत, असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, “धक्का एकच आहे ना? जहाजं तिथेच लागतात, माणसंही तिथेच उतरतात.”

उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. राहिलेलं अर्धं असं, की जहाजांच्या खटल्यांत त्या जिंकत आणि माणसांच्या खटल्यांत बहुतेक वेळा हरत. जहाजाकडे कागदच कागद असतात. माणसाकडे ते नसतात, म्हणून तर तो वकिलाकडे आलेला असतो. वीस वर्षं असं हरल्यावर वकीलबाईंच्या स्वभावात एक कोरडेपणा आला होता. बाकावर बसलेल्या माणसाला त्या पहिल्या पाच मिनिटांतच मनातल्या मनात परत पाठवून टाकत आणि मग त्याची केस लढत.

एका सोमवारी सकाळी जहाजाच्या एजंटचा फोन आला.

“मॅडम, पाहुणा आहे.”

“किती दिवसांचा?”

“आमच्या धक्क्यावर अकरा दिवस. त्याआधी दोन बंदरं हिंडून आलाय. कोणी पदरात घ्यायला तयार नाही.”

जहाजात चोरून बसून आलेल्या माणसाला हे लोक पाहुणा म्हणतात. थट्टा क्रूर आहे, पण तिच्यामागचा पेच समजून घ्यायला हवा. असा माणूस समुद्रात सापडला की त्याला फेकून तर देता येत नाही. बंदरात उतरवावं, तर ते सरकार विचारतं, हा कोणाचा? त्याच्या खिशात चिठ्ठीसुद्धा नसते. मग तो जहाजावरच राहतो आणि जहाज त्याला घेऊन गावोगाव फिरतं. पुढच्या बंदराने कळवलं होतं की पाहुण्यासकट आलात तर आत घेणार नाही. म्हणून कप्तान हलेना, आणि रिकामं जहाज धक्का अडवून उभं होतं.

“म्हणतो काय तो?” वकीलबाईंनी विचारलं.

“नदीची भाषा बोलतो. तुमच्या वडिलांची. म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

नदीची भाषा नदीच्या दोन्ही तीरांवर बोलली जाते, पण तीर दोन देशांचे आहेत. पूर्व तीरावर सात वर्षांपासून युद्ध चालू होतं. तिथल्या माणसाला परत पाठवायला कायद्याने मनाई होती. त्याला जहाजावरून उतरवून त्याचा अर्ज ऐकावाच लागे. पश्चिम तीरावर शांतता होती. तिथला माणूस म्हटलं की वकिलातीकडून एक तात्पुरता कागद घ्यायचा आणि पुढच्या विमानाने रवानगी. पाहुणा म्हणत होता, मी पूर्वेचा. पूर्वेचा आहे हे सिद्ध व्हायला महिने लागले असते आणि तोवर जहाज अडकून पडलं असतं, म्हणून जहाज कंपनीला तो पश्चिमेचा हवा होता. त्या माणसाचं सगळं आयुष्य या एका शब्दावर येऊन टेकलं होतं.

वकीलबाईंचे वडील पूर्व तीरावर जन्मले आणि तरुणपणीच इथे आले. त्यांनी एकेचाळीस वर्षं लहान मुलांना गणित शिकवलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत, शेजारचा डॉक्टरसुद्धा. मुलीला नदीची भाषा स्वयंपाकघरापुरती येत होती, म्हणून असं काम निघालं की दुभाषी म्हणून ती वडिलांना न्यायची. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन पेन्सिली खोचून तयार असत.

“दोन कशाला, बाबा?”

“एक माझी. एक समोरच्याची. समोरच्याकडे कधीच नसते.”

जहाजाची शिडी मास्तर दोन्ही हातांनी दोर धरून चढले. पाहुण्याला खालच्या मजल्यावर एका छोट्या केबिनमध्ये ठेवलं होतं. बाहेरून कडी होती. कप्तानाने स्वतः ती काढली. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

“मॅडम, वाईट माणूस नाही तो. पण माझे वीस जण घरी जायचे थांबलेत. लवकर बघा.”

आत तिशीचा एक माणूस खालच्या बर्थवर बसला होता. अंगावर खलाशाचा जुना निळा डगला, बाह्या दुमडलेल्या. मास्तरांना पाहून तो उठला, आणि मास्तरांनी नदीच्या भाषेत “बस रे बस” म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा असा उजळला की वकीलबाईंनी नजर फाइलमध्ये घातली.

त्या फाइलमध्ये एक छापील फॉर्म होता. पहिली ओळ ठळक होती: मी जहाजाच्या मालकाची वकील आहे, तुमची नाही, माझ्याशी बोलण्याची तुमच्यावर सक्ती नाही. ही ओळ आधी वाचून दाखवायची आणि मगच प्रश्न विचारायचे, अशी रीत होती. वकीलबाईंनी तो कागद बाहेर काढला.

तेवढ्यात तो माणूसच बोलला. मास्तरांनी हसत अर्थ सांगितला. “म्हणतोय, ताई, तुमच्याबद्दल इथल्या आचाऱ्याने सांगितलं. त्याच्या भावाला तुम्हीच या देशात ठेवून घेतलंत. म्हणतो, ताई येणार कळलं आणि मी कित्येक दिवसांनी झोपलो.”

वकीलबाईंच्या हातात कागद तसाच राहिला. आचाऱ्याचा भाऊ त्यांना आठवला. वीस वर्षांत जिंकलेल्या चार-पाच केसेसपैकी एक. ती ओळ वाचली असती तर हा माणूस गप्प झाला असता, आणि गप्प माणसाकडून काही निघत नाही. त्यांनी कागद परत फाइलमध्ये सरकवला आणि म्हणाल्या, “बाबा, त्याला विचारा, काम काय करायचा?”

“लाद्या बसवायचो,” तो म्हणाला. आणि लगेच, मोठ्या तक्रारीच्या सुरात, “गुरुजी, या खोलीच्या लाद्या कोणी बसवल्या? त्याचे हात तोडले पाहिजेत.”

मास्तर खो खो हसले. केबिनमध्ये खाली प्लास्टिकच्या चौकोनी लाद्या होत्या. माणूस गुडघ्यावर बसून दाखवू लागला. कापलेली पट्टी दाराशी आली होती. “कापलेला तुकडा कधी दारात लावायचा नाही, गुरुजी. येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडते. तो आत, पलंगाखाली लपवायचा. मी इथे बसून मोजलंय. माझी वीत बावीस सेंटिमीटर. खोली चौदा वीत, लादी चोवीस सेंटिमीटर.”

“मग लाद्या किती लागतील?” मास्तरांनी विचारलं. त्यांना राहवलं नाही. त्यांनी दुसरी पेन्सिल पुढे केली.

माणसाने फाइलच्या कव्हरावर हिशेब मांडला. तीनशे आठ भागिले चोवीस. बारा पूर्ण लाद्या, बाकी वीस. वीस सेंटिमीटरची पट्टी पलंगाखाली. मास्तरांनी उत्तर तपासलं आणि खाली बरोबरची खूण केली, जशी ते एकेचाळीस वर्षं करत आले होते. माणूस शाळकरी पोरासारखा लाजला.

त्या दिवशी प्रश्न पुष्कळ विचारले. गावाचं नाव, नदीचा घाट, पूर कधी आला होता. उत्तरं पूर्व तीराची होती आणि ठाम होती. वकीलबाईंच्या हाती काही लागलं नाही.

घरी चहा घेताना मास्तर खुशीत होते.

“हुशार आहे गं. हाताला हिशेबाची सवय आहे. पण एक गंमत बघितलीस? त्याने भाजक उजवीकडे मांडला.”

“म्हणजे?”

“म्हणजे आम्ही पूर्वेकडचे भाजक डावीकडे लिहितो. मधे कंस, मग भाज्य. पश्चिमेच्या शाळांत उलटं. उजवीकडे भाजक, त्याच्याखाली उत्तर. लहानपणी हात जसा वळतो तसा मरेपर्यंत राहतो. माझ्या वर्गात पश्चिमेचं एखादं पोर आलं की मी पहिल्या भागाकारातच ओळखायचो.” मास्तर बिस्किट चहात बुडवून थांबले. “का गं? अशी काय बघतेस?”

“काही नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “बिस्किट पडेल.”

ते पडलंच.

दुसऱ्या दिवशी त्या वडिलांना घेऊन परत जहाजावर गेल्या. जाताना माणसासाठी स्वतःच्या पैशाने एक स्वेटर नेला. त्याने तो लगेच घातला. मग त्यांनी सहज, अगदी शेजारणीसारखं विचारलं, “भागाकार इतका छान कोणी शिकवला तुला?”

कोणालाही आपल्या मास्तरांबद्दल बोलायला आवडतं. तो खुलला. शाळेचं नाव सांगितलं, मास्तरांचं नाव सांगितलं, ते डाव्या हाताने लिहायचे हे सांगितलं. शाळा पश्चिम तीरावरची होती. आणि पुढचंही त्याने सांगितलं, कारण त्याच्या मते तो आपल्याच वकिलाशी बोलत होता.

तो सहा वर्षांचा असताना पूर्व तीरावर त्याचं गाव जळलं होतं. त्या वेळचं भांडण वेगळं, आताचं युद्ध वेगळं, पण आग तीच. आई त्याला घेऊन पूल ओलांडून आली. छावणीतल्या पोरांना पश्चिमेच्या शाळेत मागच्या बाकांवर बसू देत. नाव पटावर चढवत, पण त्या देशाने त्यांना आपलं कधी म्हटलं नाही. पंचवीस वर्षं तो तिथे लाद्या बसवत राहिला. मागच्या वर्षी छावणी उठवली आणि माणसांना ट्रकमध्ये घालून पुलावरून पलीकडे सोडायला सुरुवात झाली. पहिल्या ट्रकमध्ये त्याचा भाऊ होता. पलीकडे उतरल्यावर तीन दिवसांत त्याला गोळी घातली. दुसऱ्या ट्रकची वाट न पाहता हा बंदराकडे पळाला.

मास्तर हे सगळं वाक्यागणिक सांगत होते आणि त्यांचा आवाज बसत चालला होता. वकीलबाई लिहीत होत्या. शाळेचं नाव. मास्तरांचं नाव. साल.

दोन दिवसांत पश्चिमेच्या वकिलातीतून उत्तर आलं. शाळेच्या पटावर या नावाचा विद्यार्थी आहे. जहाज कंपनीची विनंती आणि दुभाष्याचं सहीचं निवेदन मिळाल्यास तात्पुरतं प्रवासपत्र देऊ. पट फक्त नाव सांगत होता. मागच्या बाकाबद्दल त्यात काही नव्हतं.

वकीलबाईंनी निवेदन तयार केलं. सहा ओळी. सदर इसमाने माझ्यासमोर अमुक शाळेत अमुक साली शिक्षण घेतल्याचे सांगितले, त्याची गणित मांडण्याची पद्धत पश्चिम तीरावरील शाळांची आहे. खाली मास्तरांच्या सहीची जागा.

मास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“पूल कुठाय यात?”

“पुलाचं ते विचारत नाहीत, बाबा.”

“भाऊ?”

“तोही नाही.”

“मग ही अर्धीच गोष्ट झाली. पोरांनी असं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच गुण द्यायचो.”

“बाबा, यात लिहिलेलं एक तरी अक्षर खोटं आहे का?”

सबंध आयुष्यात त्यांनी कुठल्या कागदावर खोटी सही केली नव्हती. मुलांच्या खोट्या वयाच्या दाखल्यांवरून दोनदा मुख्याध्यापकांशी वाजलं होतं त्यांचं. मुलीला हे ठाऊक होतं. तिने बरोबर नसेवर बोट ठेवलं होतं.

“खोटं नाही,” ते म्हणाले.

“झालं तर.”

“तू त्याची वकील आहेस ना?”

“मी हे काम बघतेय, बाबा.”

मास्तरांनी सही केली. पण पेन खाली ठेवलं नाही. सहीखाली नदीच्या भाषेत, सुवाच्य अक्षरांत, त्यांनी एक ओळ लिहिली: मूल जिथे शाळा मिळेल तिथे शिकते; हा मुलगा पूर्व तीराचा आहे आणि त्याला परत पाठवल्यास मारतील.

“आता पूर्ण झालं,” ते म्हणाले. “आता पाठव.”

कागद तसाच घेऊन वकीलबाई इमिग्रेशनच्या ऑफिसात गेल्या. तिथला अधिकारी त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. तो नदीची भाषा जाणत नव्हता. त्याने सहा ओळी वाचल्या, सही पाहिली आणि सहीखालच्या ओळीवर पेन टेकवलं.

“हे काय लिहिलंय?”

खिडकीबाहेर एक क्रेन हळूहळू वळत होती.

“पत्ता,” वकीलबाई म्हणाल्या. “म्हातारी माणसं सहीखाली पत्ता लिहितात.”

अधिकाऱ्याने शिक्का मारला. वकिलातीलाही याच शिक्क्याची प्रत गेली. तिथल्या कारकुनाला ती भाषा येत असणार, पण तिथे छापील सहा ओळींखाली हाताने लिहिलेली सातवी ओळ कोणी वाचली नाही, किंवा वाचून तोंड मिटून घेतलं. पश्चिमेच्या त्या कारकुनाला पुलाची गोष्ट कोणी नव्याने सांगायला नको होती.

शुक्रवारी दुपारी दोन शिपाई आणि एक गाडी धक्क्यावर आली. कप्तानाने कडी काढली. माणूस तोच स्वेटर घालून शिडी उतरला. सिमेंटवर पाय ठेवताच त्याचा तोल गेला; इतके दिवस पाण्यावर काढल्याने जमीन त्याला हलत होती. तो स्वतःवरच हसला. मास्तर बरोबर नव्हते. वकीलबाईंनी त्यांना आज काम नाही असं सांगितलं होतं.

त्याने वकीलबाईंचे दोन्ही हात धरले. नदीच्या भाषेतल्या सोप्या शब्दांत, त्यांना समजेल असं हळूहळू बोलला. “ताई. तुम्ही उतरवलंत.” मग गाडीकडे बोट केलं. “कोर्ट?”

स्वयंपाकघरापुरती का होईना, ती भाषा त्यांना येत होती. नाही हा शब्द येत होता. विमान हा शब्दही येत होता.

“जा त्यांच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “ते सांगतील.”

“गुरुजींना सांगा,” तो म्हणाला, “सुटलो म्हणून.”

गाडी फाटकाबाहेर गेली. एजंटने टाळी द्यायला हात पुढे केला. “मानलं मॅडम! आमच्या जुन्या वकिलाला जन्मात जमलं नसतं. आता त्याला सांगतो, तू घरी बसून लाद्या मोज!” त्याला लाद्यांचं कोणी सांगितलं होतं कोण जाणे. वकीलबाईंनी हात पुढे केला नाही. जहाज संध्याकाळच्या भरतीला निघालं.

घरी मास्तरांनी एवढंच विचारलं, “माझी ओळ वाचली का त्यांनी?”

“वाचली.”

“मग?”

“उतरवलं त्याला.”

मास्तरांचा चेहरा फुलला. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, कोणाला न सांगता, बस बदलून बदलून शहराबाहेरच्या त्या जागी गेले जिथे अर्ज केलेल्या माणसांना ठेवतात. पिशवीत इथली भाषा शिकायचं पहिलीचं पुस्तक आणि पेन्सिलींचा नवा डबा होता. फाटकावरच्या माणसाने यादी तीन वेळा पाहिली. असं कोणी आलेलं नाही, म्हणाला. मास्तर म्हणाले, नाव लिहिण्यात चूक असेल, लाद्या बसवणारा आहे, उंच आहे. फाटकावरचा माणूस भला होता. त्याने आत फोन केला, मग दुसरीकडे केला, आणि फोन ठेवून मास्तरांना बसायला खुर्ची दिली.

ते दुपारी घरी आले तेव्हा वकीलबाई कपडे वाळत घालत होत्या.

“शुक्रवारीच गेला म्हणे,” मास्तर म्हणाले. “विमानाने.”

“बाबा, बसा आधी.”

“माझ्या ओळीचं काय सांगितलंस त्यांना?”

त्यांनी ओला टॉवेल दोरीवर टाकला, सरळ केला, परत सरळ केला. “पत्ता आहे म्हणून सांगितलं.”

मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“जहाजावर वीस माणसं अडकली होती, बाबा. त्यांनाही मुलंबाळं आहेत. आणि अर्ज केला असता तरी तो हरलाच असता. मी बघते ना रोज, दहातले नऊ हरतात.”

“दहावा?”

वकीलबाईंनी बादलीतून पुढचा कपडा उचलला.

“तू मला म्हणालीस, यात काही खोटं आहे का,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात मुलांना समजावताना असायचा तसाच, सावकाश आणि स्वच्छ होता. “मला सरळ विचारायचं होतंस, बाबा, या माणसासाठी खोटं बोलाल का? मी बोललो असतो. भाजक डावीकडे होता, म्हणून सांगितलं असतं. शपथेवर सांगितलं असतं. तू माझ्याकडून खरं बोलवून घेतलंस आणि त्याला मारलंस.”

“अजून काही कळलेलं नाही, बाबा. कदाचित—”

“मला भूक नाही,” मास्तर म्हणाले आणि पुस्तकाची पिशवी घेऊन आत गेले.

कळलं ते तीन आठवड्यांनी. वकिलातीचं दोन ओळींचं पत्र होतं. तपासणीअंती सदर इसम आमचा नागरिक नसल्याचे आढळल्याने त्यास पुलावरून पूर्व तीरावर रवाना करण्यात आले आहे, आपल्या माहितीसाठी. पलीकडे काय झालं, ते लिहिण्याचं काम वकिलातीचं नव्हतं.

ऑफिसातल्या कारकूनबाई अठरा वर्षांच्या जुन्या होत्या. टपाल लावायचं काम त्यांचं. त्या पत्र घेऊन या टेबलाशी, त्या कपाटाशी फिरल्या, मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम, हे कुठे लावू? जहाजाची फाइल तर आपण बंद करून कंपनीला पाठवली. आणि या माणसाच्या नावाची फाइल मला सापडत नाहीये.”

“उघडलीच नव्हती,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग आता उघडू का?”

बाहेरच्या बाकावर तीन माणसं बसली होती. मधल्याने मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली होती. पहिल्याने पाटीवरची खालची ओळ बोट फिरवत वाचली आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. शेजारचा आशेने आत बघू लागला.

“नको,” वकीलबाई म्हणाल्या. “पहिल्याला आत पाठवा.”